ऑरेगन गेलं, ऑरेगन स्टेट राहिलं: कॉलेज फुटबॉलच्या कॉन्फरन्स का मोडतात?

प्रश्न असा आहे: "पुतण्या कॉर्व्हॅलिसला ऑरेगन स्टेट विद्यापीठात शिकतो. तिथे सगळे सांगतात की टीव्हीच्या पैशाने आमची पॅक-१२ कॉन्फरन्स मोडली. बिग टेनमध्ये आता अठरा विद्यापीठं आहेत आणि लॉस एंजेलिसचा संघ न्यू जर्सीला जाऊन खेळतो. हे खरंच टीव्हीमुळे झालं का? आणि आता त्याच्या विद्यापीठाचं काय होणार?"

मी अमेरिकेत खेळांच्या प्रक्षेपण हक्कांची किंमत काढण्याचं काम करते. कॉलेज फुटबॉलचे करार हा त्या कामातला मोठा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हो, टीव्हीमुळेच झालं. पण "पैसा वाढला, लोभ सुटला" एवढ्यावर थांबलं तर एक गोष्ट कळत नाही. युजीनचं ऑरेगन विद्यापीठ पश्चिम किनाऱ्याची पॅक-१२ सोडून मुळात मध्य-पश्चिमेकडच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेलं आणि तिथून गाडीने तासाभरावर असलेलं ऑरेगन स्टेट मागे राहिलं. दोन्ही एकाच राज्यातली, दोन्ही सरकारी आणि दोन्ही शंभर वर्षांहून अधिक काळ एकमेकांविरुद्ध खेळत आलेली. मग एकालाच बोलावणं का आलं? माझ्या मते याचं उत्तर पैसा किती आहे यात नाही, तो कशावर मोजला जातो यात आहे. हे माप चाळीस वर्षांत दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा नकाशा फाटला.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. इथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. तो शनिवारी विद्यापीठांच्या मैदानांवर खेळला जातो आणि मिशिगन किंवा पेन स्टेटसारख्या ठिकाणी एका सामन्याला लाखाहून जास्त माणसं येतात. कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजारपाजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेला गट. हा गट सामन्यांचं वेळापत्रक ठरवतो, पंच नेमतो, विजेतेपद देतो. आजचं त्याचं सर्वांत मोठं काम मात्र सगळ्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकून पैसे वाटून घेणं हे आहे.

१९८४ पर्यंत हे काम कॉन्फरन्सकडे नव्हतंच. एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय नियामक संस्था देशभरातल्या सगळ्या विद्यापीठांच्या वतीने वाहिन्यांशी करार करायची, आणि एखादा संघ टीव्हीवर किती वेळा दिसावा यावरही तिची मर्यादा असे. पैशाची वाटणी कशी होती याचं एक उदाहरण पुढे न्यायालयाच्या निकालपत्रातच आलं. १९८१ मध्ये एका शनिवारी ओक्लाहोमा विरुद्ध यूएससी (लॉस एंजेलिसचं एक विद्यापीठ) हा सामना दोनशेच्या वर केंद्रांवरून दाखवला गेला. त्याच दिवशी सिटाडेल विरुद्ध ॲपलाचियन स्टेट हा सामना फक्त चार केंद्रांवर होता. चारही विद्यापीठांना रक्कम मिळाली सारखी. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाच्या पानात सारखंच वाढायचं, तसा हा हिशेब होता. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांना तो मान्य नव्हता आणि ती न्यायालयात गेली. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की एनसीएएची ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते.

विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांच्याबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. ते स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. त्यांचं म्हणणं असं, की हे निर्बंध निव्वळ बाजारातले अडथळे नाहीत. विद्यापीठाचा खेळ शिक्षणाशी जोडलेला राहावा आणि पुरता व्यावसायिक होऊ नये, यासाठी ते आहेत. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर होतं, असं मी मानते. पण पुढे काय होणार हे व्हाइट यांना जास्त स्पष्ट दिसलं होतं.

निकालानंतर लगेच पैसा वाढला नाही, उलट घटला. सगळे एकदम बाजारात उतरले, दाखवायला सामने भरपूर झाले आणि भाव पडला. त्यातून विद्यापीठांनी धडा घेतला, की एकट्याने विकण्यापेक्षा गटाने विकावं आणि त्या गटात नावाजलेले संघ असावेत. नव्वदच्या दशकातली उलथापालथ या हिशेबातून झाली. पेन स्टेट बिग टेनमध्ये गेलं. नोट्र डेम विद्यापीठाने एनबीसी वाहिनीशी स्वतंत्र करार केला. आर्कान्सॉ आणि साउथ कॅरोलायना एसईसी या आग्नेयेकडच्या राज्यांच्या कॉन्फरन्समध्ये आली, आणि बारा सदस्य झाल्यामुळे १९९२ पासून एसईसीला विजेतेपदाचा एक जादा सामना विकता येऊ लागला. टेक्ससची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये बंद झाली आणि तिच्यातली चार विद्यापीठं बिग एट या शेजारच्या कॉन्फरन्सला मिळून बिग ट्वेल्व्ह तयार झाली. पण तेव्हाची स्थलांतरं बहुतेक शेजारच्या राज्यापर्यंतच होती.

भूगोल खरा मोडला तो केबलने. २००७ मध्ये बिग टेनने फॉक्स या वाहिनी कंपनीला भागीदार घेऊन स्वतःची वाहिनी काढली. कल्पना कमिशनर, म्हणजे कॉन्फरन्सचे प्रमुख, जिम डेलनी यांची. अशा वाहिनीला केबल कंपनी दर ग्राहकामागे दरमहा ठरावीक रक्कम देते. कॉन्फरन्सच्या राज्यांमध्ये ही रक्कम साधारण एक डॉलरच्या आसपास होती, बाहेर अवघे काही सेंट. त्या घरातलं कुणी वाहिनी लावतं की नाही, याचा या रकमेशी काही संबंध नसतो. वाहिनी मूळ पॅकेजमध्ये असली की बिल लागतंच. म्हणजे एखादं राज्य "आत" आलं की तिथल्या लाखो घरांचा दर एका रात्रीत बदलतो.

मेरिलंड आणि रटगर्स बिग टेनमध्ये का आली, याचं उत्तर इथे आहे. २०१२ मध्ये घोषणा झाली आणि २०१४ मध्ये ती दाखल झाली. रटगर्सचा फुटबॉल संघ काही फार जबरदस्त नव्हता. पण त्याचं मैदान न्यू जर्सीत पिस्काटवेला आहे आणि तिथून न्यूयॉर्कची केबल बाजारपेठ सुरू होते. मेरिलंडमुळे वॉशिंग्टन शहराचा परिसर मिळाला. पिस्काटवेला लागूनच एडिसन आहे, जिथे आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. मराठी आणि हिंदी वाहिन्यांसाठी केबल घेतलेल्या, फुटबॉलचा एकही सामना न पाहिलेल्या तिथल्या घरांच्या बिलातूनही बिग टेनला वाटा जाऊ लागला. त्या वेळच्या हिशेबात रटगर्सची किंमत त्याच्या संघावर ठरली नव्हती, भोवतालच्या घरांवर ठरली होती.

पश्चिमेला पॅक-१२ ने हेच करायचा प्रयत्न केला आणि तिथे एक घातक निर्णय झाला. २०११ मध्ये त्यांनी ईएसपीएन ही क्रीडावाहिनी आणि फॉक्स यांच्याशी बारा वर्षांचा सुमारे ३०० कोटी डॉलरचा करार केला. तेव्हा तो विक्रमी होता. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच्या वाहिन्या काढल्या, एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक, आणि त्यांची मालकी शंभर टक्के स्वतःकडे ठेवली. कागदावर हे आकर्षक दिसतं, कारण नफ्यात वाटेकरी नाही. पण या धंद्यात भागीदार नफ्यासाठी घेत नाहीत, ताकदीसाठी घेतात. फॉक्स किंवा ईएसपीएन केबल कंपनीला सांगू शकतात, की आमच्या बाकीच्या वाहिन्या हव्या असतील तर हीसुद्धा घ्या. एकट्या पॅक-१२ च्या हातात असं काही नव्हतं. डिरेक्टीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेवर त्यांची वाहिनी शेवटपर्यंत आली नाही. दरवर्षी बिग टेन आणि एसईसीशी असलेलं अंतर वाढत गेलं.

आणि मग माप पुन्हा बदललं. ईएसपीएन २०११ च्या सुमारास दहा कोटी घरांत होतं. लोक केबल तोडून स्ट्रीमिंगकडे गेले आणि हा आकडा सात कोटींच्या खाली आला. न पाहणाऱ्या घरांकडून मिळणारा पैसा आटला, की वाहिनीला एकच प्रश्न उरतो: हा सामना प्रत्यक्षात किती माणसं बघतील? आमच्या क्षेत्रात चाळीस लाखांवर प्रेक्षक ओढणारे सामने वेगळे मोजतात, कारण मोठ्या जाहिराती आणि मोठे करार त्यांच्यावर उभे असतात. मालिका माणूस नंतर पाहतो आणि जाहिरात पुढे ढकलतो. सामना मात्र त्याच वेळी पाहिला जातो. म्हणून थेट फुटबॉलचा भाव चढला, पण सगळ्याच फुटबॉलचा नाही. एसईसीच्या ज्या सामन्यांसाठी सीबीएस वाहिनी वर्षाला सुमारे साडेपाच कोटी डॉलर देत होती, त्यांच्यासाठी ईएसपीएनने २०२० मध्ये सुमारे ३० कोटी कबूल केले.

इथून पुढचं सगळं फार वेगाने झालं. जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीत जायचं ठरवलं. त्या वेळी अनाथ झालेल्या बिग ट्वेल्व्हमधून सदस्य घेण्याची संधी पॅक-१२ ला होती. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं, की आम्हाला विस्तार करायचा नाही. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए बिग टेनला मिळाली आणि पॅक-१२ च्या हातातून लॉस एंजेलिस गेलं. दीड महिन्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरहून मोठा करार जाहीर केला. दुपारचा सामना एका वाहिनीवर, संध्याकाळचा दुसऱ्या, रात्रीचा तिसऱ्या. पश्चिम किनाऱ्याचे संघ आले की पूर्वेकडे मध्यरात्र होईपर्यंत दाखवायला सामने मिळतात.

बिग ट्वेल्व्हचे नवे कमिशनर ब्रेट यॉरमार्क यांनी त्यानंतर जे केलं, ते व्यवहार म्हणून मला फार कसबी वाटतं. त्यांच्या कराराला अजून अवधी होता, तरी त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्सशी बोलणी उरकून घेतली. सहा वर्षांचे सुमारे २२८ कोटी, म्हणजे प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख डॉलर. वाहिन्यांकडचा पैसा मर्यादित असतो, आणि रांगेत पॅक-१२ च्या आधी ते जाऊन उभे राहिले. शिवाय करारात एक कलम होतं: मोठ्या कॉन्फरन्समधून नवा सदस्य आला तर त्याच्यासाठीही वाहिन्या तेवढाच पूर्ण हिस्सा देतील. बातम्यांमध्ये या कलमाकडे फारसं कुणी पाहत नाही. पण नवा सदस्य घेतल्याने जुन्यांचा वाटा कमी होणार नसेल, तर दार उघडायला कुणाचा विरोध असेल?

पॅक-१२ च्या अध्यक्षमंडळाने दरम्यान फार मोठ्या आकड्याची आशा धरली. शेवटी ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला त्यांच्यासमोर ठोस काय आलं, तर ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव. हमीची रक्कम बिग ट्वेल्व्हपेक्षा कमी आणि वरचं सगळं किती ग्राहक जमतील त्यावर. कोलोराडो आठवडाभर आधीच बिग ट्वेल्व्हला मिळालं होतं. ४ ऑगस्टच्या सकाळी सह्या व्हायच्या होत्या. त्याच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेली, तीही जुन्या सदस्यांच्या साधारण निम्म्या वाट्यावर. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये गेली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅल या दोघांनी अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीत जागा घेतली, सुरुवातीची सात वर्षं तीस टक्के हिस्सा घेऊन. डॅलसचं एसएमयू तर नऊ वर्षं एसीसीच्या टीव्ही पैशातला एक डॉलरही न घेण्याच्या अटीवर आत आलं. एसीसीच्या करारातही नव्या सदस्यामागे पूर्ण हिस्सा देण्याचं कलम होतं. ईएसपीएनने रक्कम भरली आणि या तिघांनी सोडलेला हिस्सा जुन्या सदस्यांत वाटला गेला.

१९१५ मध्ये या कॉन्फरन्सची मूळ स्थापना करणाऱ्या चार संस्थांपैकी ऑरेगन स्टेट एक. मागे राहिलं ते आणि वॉशिंग्टन स्टेट. कॉर्व्हॅलिस आणि पुलमन, दोन्ही लहान गावं. केबलच्या मापाने त्यांच्याभोवती घरं कमी, आणि नव्या मापाने देशभर ओळख कमी. ऑरेगनचा संघ गेली काही वर्षं राष्ट्रीय विजेतेपदाच्या चर्चेत असतो आणि फ्लोरिडातला माणूसही त्याचा सामना लावतो. एवढाच फरक. प्रयोगशाळा, प्राध्यापक, वर्ग यांचा या मापाशी संबंध नाही, हे पुतण्याला जरूर सांगा.

खेळाचा दर्जासुद्धा त्यात नव्हता. २३ सप्टेंबर २०२३ ला, सगळे निघून जाणार हे ठरल्यावर, पुलमनमध्ये वॉशिंग्टन स्टेटने ऑरेगन स्टेटला ३८-३५ असं हरवलं. दोन्ही संघ तेव्हा देशातल्या पहिल्या पंचवीसात होते. वॉशिंग्टन स्टेटचे चाहते २००३ पासून आणखी एक गोष्ट करत आले आहेत. ईएसपीएनचा 'कॉलेज गेमडे' हा कार्यक्रम दर शनिवारी वेगवेगळ्या विद्यापीठातून होतो, आणि तो देशात कुठेही असो, कुणीतरी तिथे जाऊन वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा कॅमेऱ्यात दिसेल असा फडकवत ठेवतो. हे स्वयंसेवक आहेत, कुणी त्यांना पैसे देत नाही. एवढी वर्षं टीव्हीवर प्रेम केलेल्या या लोकांना टीव्हीच्याच हिशेबाने वगळलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि हा हिशेब करणाऱ्यांत माझ्यासारखे लोक आहेत, म्हणून जास्तच.

दोष कुणाचा, असं विचाराल तर मी फक्त वाहिन्यांवर बोट ठेवणार नाही. वाहिनी खरेदीदार आहे, ती तिच्या फायद्याचं बघणार. विद्यापीठ चालवणारे अध्यक्ष आणि विश्वस्त हे शिक्षणसंस्थेचे रखवालदार आहेत आणि त्यांनी या पैशाचं काय केलं हेही पाहायला हवं. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षकाला काढलं, तेव्हा करारापोटी त्याचं देणं साडेसात कोटी डॉलरच्या वर निघालं. खेळाडूला तेव्हा विद्यापीठाकडून पगार म्हणून काही मिळत नव्हतं. विद्यापीठाने खेळाडूला थेट वाटा देण्याची सोय जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीनंतर आली, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटण्याची मुभा मिळाली. ही सुधारणा मला योग्य वाटते आणि ती फार उशिरा झाली. पण आता हा खर्च भागवायलाही टीव्हीचाच पैसा लागणार, म्हणजे जो बाहेर आहे तो आणखी मागे पडणार.

सर्वांत अन्याय होतो तो फुटबॉल न खेळणाऱ्या मुलामुलींवर. फुटबॉल संघ आठवड्यातून एकच सामना खेळतो आणि वर्षातून पाच-सहा वेळा बाहेर जातो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकरच्या संघांना मात्र आठवड्याच्या मधल्या दिवसांतही खेळावं लागतं. यूसीएलएच्या मुलीला रटगर्सला जायचं तर देश ओलांडून सुमारे चार हजार किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा असू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने यूसीएलएला बिग टेनमध्ये जाऊ दिलं, पण खेळाडूंच्या प्रवासावर आणि सोयींवर जादा खर्च करण्याची अट घातली. शिवाय मागे राहिलेल्या बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायला लावले. निदान तिथे कुणीतरी हा प्रश्न विचारला. माझं स्पष्ट मत आहे, की फुटबॉल वेगळा काढावा, त्याचे गट टीव्हीच्या सोयीने हवे तसे करावेत आणि बाकी सगळे खेळ पुन्हा शेजारच्या विद्यापीठांत खेळवावेत. कायद्याने यात मोठी आडकाठी नाही. नोट्र डेम फुटबॉलमध्ये स्वतंत्र आहे आणि बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत खेळतं.

आता पुढचं. नवं माप कॉन्फरन्सच्या आतही शिरलं आहे. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये १३-० असं अपराजित राहूनही राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफमधून वगळलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने आपल्या कॉन्फरन्सवर, म्हणजे एसीसीवर, दावा लावला, नंतर क्लेमसननेही. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली: टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग आता ज्याचे प्रेक्षक जास्त त्याला जास्त असा वाटला जातो, आणि कॉन्फरन्स सोडण्याचा दंड टप्प्याटप्प्याने उतरून २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर येतो. बिग टेनचा करार २०२९-३० ला संपतो, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ ला. या तारखा जवळजवळ येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढची मोठी हालचाल तेव्हा होईल असा माझा अंदाज आहे. या वेळी बिग टेन आणि एसईसी नवे सदस्य घेण्याबरोबरच कमी प्रेक्षकांच्या जुन्या सदस्यांना कमी वाटा देण्याचाही विचार करतील. प्लेऑफच्या २०२६ पासूनच्या पैशात या दोघींचा मिळून वाटा ५८ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे त्यांना रोखणारं कुणी उरलेलं नाही.

ऑरेगन स्टेटची स्थिती २०२३ मध्ये वाटली होती तितकी वाईट नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या एका काउंटी न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅक-१२ चा ताबा उरलेल्या दोघांकडे दिला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. निघून गेलेल्या दहा विद्यापीठांशी झालेल्या समझोत्यात त्यांना सुमारे साडेसहा कोटी डॉलर मिळाले. बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, कोलोराडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सस स्टेट यांना घेऊन फुटबॉलची आठ विद्यापीठं १ जुलै २०२६ पासून पॅक-१२ च्या नावाने उभी करायचं ठरलं, बास्केटबॉलसाठी गोंझागाही त्यात आलं. पैसा पूर्वीच्या मानाने बराच कमी आहे. पण टेक्सस स्टेट सोडलं तर बहुतेक संघ पश्चिमेतलेच, त्यामुळे व्हॉलीबॉलच्या मुलींना रात्री घरी परतता येईल असे दौरे पुन्हा शक्य होतील. या नव्या गटाचा सीबीएसशी झालेला करारही २०३०-३१ पर्यंतचाच आहे.